पक्षी बघण्याचा पहिला हिवाळा असेल तर

सातारा जिल्ह्यातल्या मायणी, येरळवाडीच्या तलावांवर जरूर जा, पण रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचाच ध्यास नको. त्यांना उथळ पाणी लागतं. तलाव तुडुंब असेल तर ते फिरकतही नाहीत. आधी पट्टकादंब (बार-हेडेड गूज, हंसाच्या जातीचा पक्षी) बघ. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, चुकायची सोयच नाही. हिमालय ओलांडून येतात बेटे! बदकांत थापट्या सोपा: चमच्यासारखी रुंद चोच पाण्याला लावून पुढे सरकत राहतो. ऊन पाठीवर घे, नाहीतर सगळीच बदकं काळी दिसतील. दुर्बीण ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे, कॅमेऱ्याचा खर्च एवढ्यात नको. शाळू हुरड्यात आला की रानात भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे उतरतात, तेव्हा बांधावरूनच बघ, पीक तुडवू नकोस. शेतकरी आधीच त्यांच्यावर वैतागलेला असतो.