बीसीएचा अर्ज भरण्याआधी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. बारावी कॉमर्सनंतर बीसीएला, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सच्या पदवीला, जायचं तुझं जवळजवळ ठरलंय. निर्णय चांगला आहे. फक्त या पदवीत रोज काय करावं लागतं ते आधी बघून घे, कारण कॉलेज कसं निवडायचं आणि तीन वर्षं कशी घालवायची, हे त्यावरच ठरतं.

तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाचा हिशेब कॉम्प्युटरवर आणायचा आहे असं धर. ग्राहकांचा एक तक्ता, मालाचा दुसरा, बिलांचा तिसरा. इथवर कुणालाही सुचतं. पण एका बिलात तेल, साखर, साबण अशा पाच वस्तू असतात. 'वस्तू १', 'वस्तू २' असे पाच रकाने पाडले, तर सहावी वस्तू आली की गाडं अडतं. म्हणून चौथा तक्ता लागतो, त्यात बिलातल्या प्रत्येक वस्तूची स्वतंत्र ओळ: बिल क्रमांक, वस्तू क्रमांक, नग, दर. दर तर मालाच्या तक्त्यात आहेच, मग इथे पुन्हा कशाला? समज, तेल १४० रुपयांवरून १५५ झालं आणि मालाच्या तक्त्यात तू भाव बदललास. चौथ्या तक्त्यात दर नसेल, तर गेल्या महिन्याची बिलंही नव्या भावाने दिसू लागतील, उधारीचा आकडा फुगेल आणि गिऱ्हाईक भांडायला येईल. विकला त्या वेळचा दर त्या ओळीतच राहायला हवा.

व्यवहार नीट समजून घ्यायचा आणि तो उद्याही खरा राहील अशी त्याची नोंद बांधायची, हे या पदवीचं मुख्य काम. डेटाबेस, सिस्टीम अॅनालिसिस, वेब प्रोग्रॅमिंग, नेटवर्किंग हे विषय त्याभोवती येतात. जमा-नावे आणि उधारी-वसुली तुला माहीत आहे, ही तुझी जमेची बाजू. प्रोसेसर कसा बनतो याची ओढ असेल तर मात्र वाट इंजिनिअरिंगची, आणि ती बहुधा बारावी सायन्सवरून जाते.

आता कोर्सच्या नावांचा घोळ. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी सेलने त्यांच्यासाठी प्रवेश परीक्षा (सीईटी) सुरू केली. तेव्हा बऱ्याच कॉलेजांनी आपल्या कोर्सची नावं बदलली, म्हणजे एआयसीटीईची मान्यताही नको आणि सीईटीही नको. असा कोर्स वाईटच असतो असं नाही. शिकवणारे तेच, लॅबही तीच. पण तुझ्यासाठी फरक पैशांचा आहे. ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे आणि ज्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटात आहेत, त्यांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करणारा जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींना लागू होतो; नाव बदललेला कोर्स त्या प्रक्रियेत येत नाही. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस की ही माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठांत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांतही नाही. 'फी नंतर परत मिळेल' असं काउंटरवर कुणी सांगितलं, तर कोणत्या योजनेखाली ते विचार आणि नाव लिहून घे.

कॉलेज पाहायला जाशील तेव्हा एआयसीटीईचं त्या वर्षीचं 'एक्सटेन्शन ऑफ अप्रूव्हल' पत्र, म्हणजे मान्यतापत्र, माग. त्यात कोर्सचं नेमकं नाव आणि जागांची संख्या असते. माहितीपुस्तिकेतलं नाव आणि पत्रातलं नाव जुळतंय का बघ. मग लॅबमध्ये जा आणि एका बॅचला मुली-मुलं किती, चालू मशिन किती, हे मोजून ये. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात ३० तास. एका मशिनवर तिघं बसणार असतील, तर त्यातले तुझ्या वाट्याला दहाच येतात.

आणि आता गणित, कारण तू बारावीला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) घेतलंस. बीसीएच्या प्रवेशाला त्याने काही बिघडत नाही, कोणत्याही शाखेची बारावी चालते. अडचण तीन वर्षांनी येते. एमसीए, म्हणजे याच विषयातली पुढची मास्टर्स पदवी, आता दोन वर्षांचं आहे आणि त्याच्या पात्रतेत बारावीला किंवा पदवीला गणित विचारतात; नसेल तर विद्यापीठाचा ब्रिज कोर्स (राहिलेल्या विषयाचा पूरक कोर्स) करावा लागतो. एनआयटी या केंद्रीय तंत्रशिक्षण संस्थांमधल्या एमसीएसाठी निमसेट ही प्रवेश परीक्षा द्यायची झाली, तर तिच्या अलीकडच्या आराखड्यात १००० पैकी ६०० गुण एकट्या गणिताचे आहेत. म्हणून ज्या कॉलेजांचा विचार करते आहेस, त्यांच्या सहाही सत्रांचा अभ्यासक्रम डाउनलोड कर आणि त्यात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, स्टॅटिस्टिक्स असे पेपर आहेत का, हे शोध. गुणपत्रिकेवर 'मॅथेमॅटिक्स' किंवा 'स्टॅटिस्टिक्स' हा शब्द स्पष्ट दिसला पाहिजे. पडताळणी करणारा माणूस पेपरचं नाव बघतो, आतला धडा उघडत नाही. शिवाय या सुट्टीत अकरावी-बारावीच्या गणितातले संच, फल, मॅट्रिक्स आणि संभाव्यता एवढं करून ठेव. पहिल्या सत्रात कॉमर्सची मुलं बहुधा याच ठिकाणी अडतात, आणि एटीकेटी लागली, म्हणजे नापास झालेला पेपर पुढच्या सत्रात डोक्यावर राहिला, की ती सी प्रोग्रॅमिंगलाही ओढून नेते, कारण अभ्यासाचे तास दोन्हीकडे तेच असतात.

सीईटीची भीती नको. आतापर्यंतचा साचा असा: ९० मिनिटांत १०० प्रश्न, ४० इंग्रजी, ३० तर्क, १५ सामान्य ज्ञान, १५ संगणकाची मूलभूत माहिती. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांचा वेळ इंग्रजीच्या उताऱ्यात जातो. तेव्हा रोज इंग्रजी दैनिकातला एक अग्रलेख घड्याळ लावून वाच. तर्काचे प्रश्न सरावाने सुटतात, त्यासाठी महागडा क्लास लागत नाही.

खरी धावपळ कागदपत्रांची असते आणि ती निकालाच्या आधी सुरू करायची असते. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यांवरचं नावाचं स्पेलिंग आजच जुळवून बघ. एका अक्षराचा फरक असला तरी आत्ताच दुरुस्त करून घे, जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. जातीचा दाखला असेल तर जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. त्याला काही महिने जाऊ शकतात, म्हणून अर्ज बारावीतच ज्युनिअर कॉलेजमार्फत करायचा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रावरची तारीख बघ: प्रवेश २०२६-२७ चा असेल, तर ते ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवं. जुनं प्रमाणपत्र घेऊन गेलं की नाव खुल्या प्रवर्गात टाकलं जातं, आणि मग गुणवत्ता यादीतली जागाही बदलते, सवलतही जाते. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे, पैसे आधारशी 'सीड' केलेल्या, म्हणजे जोडलेल्या, खात्यात जमा होतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नसतं. ते झालं आहे ना, हे बँकेत स्पष्ट विचार.

कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाच्या यादीत, बहुतेक जण चुकतात ती गोष्ट अशी: 'आपल्याला लागेल' ते कॉलेज वर टाकतात. यंत्रणा तुझी यादी वरून खाली वाचते आणि तुझ्या गुणांना मिळू शकणारं पहिलं कॉलेज देते. वर अवघड कॉलेजं टाकल्याने खालची संधी कमी होत नाही. उलट पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचं कॉलेज लागलं, तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेऱ्या बंद. तेव्हा पहिला क्रमांक ज्याला द्यायचा, तिथे तू खरोखर तीन वर्षं जाशील का, हे बसभाडं, वसतिगृह आणि घरच्यांशी बोलणं धरून ठरव.

प्रवेशानंतरचं थोडक्यात सांगते. लॅपटॉप पहिल्या दिवशी घेऊ नकोस, पहिलं सत्र लॅबवर निघतं. घेशील तेव्हा १६ जीबी रॅम आणि एसएसडी बघ, जुना चांगला असला तरी चालेल. पहिल्या वर्षी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा हाताने पक्की कर. दुसऱ्या वर्षी वर सांगितलेला किराणा दुकानाचाच प्रकल्प खऱ्या दुकानदाराला विचारून बांध. तिसऱ्या वर्षी दुकानातून विकत घेतलेला तयार प्रोजेक्ट दाखवायचा मोह होईल, बाजारात तो सर्रास मिळतो. पण एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, 'या तक्त्यात एक रकाना वाढवून दाखव' म्हटलं की त्यातलं काही कामाला येत नाही, आणि मुलाखतीतही पहिला प्रश्न त्यावरच असतो. चौथ्या वर्षाची ऑनर्सची वाट तिसऱ्याच्या शेवटी ठरव: एमसीए करायचं असेल तर तीन वर्षं पुरतात, अमेरिकेत मास्टर्सचा विचार असेल, तर तिथली बरीच विद्यापीठं शालेय शिक्षणापासून १६ वर्षं मोजतात, तेव्हा चौथं वर्ष उपयोगी पडतं.

येत्या रविवारपर्यंत चार कॉलेजं निवड आणि प्रत्येकाचं मान्यतापत्र, सहा सत्रांचा अभ्यासक्रम, गणिताच्या पेपरची नावं आणि वर्षाची एकूण फी एका कागदावर मांडून मला पाठव. ऑप्शन फॉर्मचा क्रम आपण त्यावरून लावू.

तुझी,
मावशी