खऱ्या बँडवरची शनिवार सकाळची कार्टून: गाणे त्यांचे, बोलणे कोणाचे?

अमेरिकेत १९६० आणि ७० च्या दशकांत शनिवारी सकाळी लागणाऱ्या, खऱ्या पॉप बँडवर बेतलेल्या कार्टून मालिका कोणत्या आणि त्यांत ते कलाकार स्वतः बोलत असत का, असे आपण विचारले आहे. गाणी त्यांचीच असत आणि बोलणे बहुतेक वेळा दुसऱ्याचे असे, हे त्याचे थोडक्यात उत्तर. मी काही वर्षे ॲनिमेशन स्टुडिओत लिपसिंकचे, म्हणजे पात्रांचे ओठ आवाजाशी जुळवण्याचे काम केले आहे. त्यामुळे या मालिका पाहताना माझे लक्ष कथेपेक्षा आधी तोंडाकडेच जाते, हे मान्य करूनच पुढे लिहितो.

या प्रकाराची सुरुवात बीटल्स या इंग्लंडच्या चौघांच्या बँडपासून झाली. अल ब्रोडॅक्स या निर्मात्याची ‘द बीटल्स’ ही मालिका २५ सप्टेंबर १९६५ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाली. हयात असलेल्या खऱ्या माणसांना कार्टून पात्रे करून दर आठवड्याला दाखवणारी ही पहिलीच दूरचित्रवाणी मालिका मानली जाते. तिचे एकूण ३९ भाग निघाले आणि पुनःप्रसारण १९६९ पर्यंत चालू राहिले. प्रत्येक भागात दोन छोट्या गोष्टी असत व प्रत्येक गोष्टीला बीटल्सच्या एखाद्या गाण्याचेच नाव दिलेले असे. मधल्या वेळात मुलांनी सोबत गावे म्हणून गाण्याचे शब्द पडद्यावर उमटत, आणि त्याआधी बँडचा ड्रमवादक रिंगो रंगमंचावर नको त्या वस्तू आणून फजिती करून घेई.

चौघा बीटल्सनी मात्र या मालिकेसाठी एक शब्दही उच्चारला नाही. जॉन आणि जॉर्ज यांचे आवाज पॉल फ्रीस या अमेरिकी कलाकाराने दिले, तर पॉल आणि रिंगो यांचे लान्स पर्सिव्हल या इंग्रज विनोदी नटाने. फ्रीस हा आपल्या धंद्यातला मुरलेला माणूस होता, पण त्याच्या जॉनच्या बोलण्यात बीटल्सच्या गावाची, लिव्हरपूलची ढब औषधालाही सापडत नाही. गाणे सुरू झाले की खरा जॉन ऐकू येतो आणि संपले की कुणी परकाच माणूस त्याच तोंडाने बोलू लागतो. हा सांधा इतका उघडा आहे की, एकदा कानाला खटकला की पुढे प्रत्येक भागात खटकत राहतो. स्वतः बीटल्सना ही मालिका सुरुवातीला मुळीच आवडली नव्हती.

मला याहूनही गमतीचे वाटते ते चित्रांचे गोठलेपण. पात्रांचे आराखडे एकदा ठरले की पुढे तीच चित्रे पुन्हापुन्हा वापरायची, हा स्वस्त ॲनिमेशनचा नियमच आहे. त्यामुळे १९६७ साली खऱ्या बीटल्सच्या मिशा वाढल्या होत्या, जॉर्ज सतारीत रमला होता आणि संगीत पार बदलले होते, तरी कार्टूनमधले चौघे त्याच जुन्या अवखळ पोरांच्या रूपात नव्या, गूढ गाण्यांवर ओठ हलवत राहिले. त्या वर्षीच्या एका भागात तर ते हिंदुस्थानात एका स्वामींकडे शरीराबाहेर पडण्याची विद्या शिकायला येतात. खरे बीटल्स ऋषिकेशला पोहोचले ते त्यानंतर, फेब्रुवारी १९६८ मध्ये! पुढे ब्रोडॅक्सनेच ‘यलो सबमरीन’ (१९६८) या चित्रपटाची निर्मिती केली. चित्रकलेच्या दृष्टीने तो मालिकेच्या कितीतरी पुढचा आहे, पण त्यातही चौघांचे संवाद दुसऱ्या नटांनीच म्हटले आणि खरे बीटल्स केवळ शेवटी काही क्षण दिसले.

दुसरी मोठी मालिका मायकेल जॅक्सन आणि त्याच्या भावांच्या बँडवरची ‘द जॅक्सन फाइव्ह’, आणि माझ्या मते या साऱ्यांत तीच अधिक महत्त्वाची. रँकिन-बास कंपनी आणि मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी यांनी मिळून ती काढली आणि ११ सप्टेंबर १९७१ रोजी ती एबीसीवर सुरू झाली, तेव्हा मायकेलला तेरावे वर्ष पूर्ण होऊन दोनच आठवडे झाले होते. आदल्या वर्षी या भावांची लागोपाठ चार गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती. दौरे आणि ध्वनिमुद्रण यांतून त्यांना सवड मिळेना, म्हणून त्यांचे संवाद दुसऱ्या मुलांनी म्हटले. मायकेलचा आवाज डोनाल्ड फुलिलोव्ह या बालकलाकाराचा आहे. गंमत म्हणजे मोटाउनचे मालक बेरी गॉर्डी यांच्या पात्राला आवाज दिला तो पुन्हा पॉल फ्रीसनेच.

तिला महत्त्वाची म्हणतो ते अशासाठी: एक वर्ष आधी हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीय बास्केटबॉल संघावर कार्टून आले होते. तोवर शनिवारच्या पडद्यावर कृष्णवर्णीय पात्रे जवळजवळ नव्हतीच, आणि त्याआधीच्या अमेरिकी कार्टूनमध्ये ती असत तेव्हा बहुधा टिंगलीसाठीच असत. ‘द जॅक्सन फाइव्ह’मधली मुले मात्र हुशार, खोडकर आणि सर्वांची लाडकी आहेत. मायकेलजवळ रे आणि चार्ल्स नावाचे दोन उंदीर आहेत. ती नावे रे चार्ल्स या गायकावरून ठेवली आहेत हे लहान प्रेक्षकांना कळले नसेल, पण शेजारी बसलेल्या मोठ्यांना नक्कीच हसू आले असेल.

रँकिन-बासचीच ‘द ऑसमंड्स’ ही मालिका ९ सप्टेंबर १९७२ पासून आली. सुरुवातीला दिलेल्या उत्तराला अपवाद ठरते ती हीच, कारण तिच्यात ऑसमंड हे गायक बंधू स्वतःच बोलले. तिचे १७ भागच झाले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आवाज खरे असूनही ती मला फिकी वाटते.

‘द आर्चीज’चा उल्लेख अनेकजण या यादीत करतात, पण तो बँड कॉमिकमधून आलेला, म्हणजे काल्पनिक होता. तरीही स्टुडिओतल्या गायकांनी त्याच्या नावावर गायलेले ‘शुगर, शुगर’ १९६९ मध्ये अमेरिकेत चार आठवडे अव्वल राहिले आणि न्याहारीच्या सीरियलच्या खोक्यांवर आर्चीजच्या पुठ्ठ्याच्या तबकड्याही मिळत. मुलांनी त्या कात्रीने कापून घ्यायच्या आणि घरच्या रेकॉर्ड प्लेयरवर वाजवायच्या.

पाहायला सुरुवात करायची असेल, तर जॅक्सन बंधूंच्या मालिकेचा पहिला भाग निवडावा. त्यात डायना रॉस या गायिकेने स्वतःच्या पात्राला स्वतःच आवाज दिला आहे, त्यामुळे खरा आणि उसना आवाज एकाच प्रसंगात शेजारी शेजारी ऐकता येतो.