मैदानावरचे प्रश्न : डी मारिया, सायकल आणि ‘युरोपच्या ट्रायल’ची फी

(आयुष्यभर परभणीच्या शाळांत खेळ शिकवून निवृत्त झालेले आमचे क्रीडाशिक्षक या सदरातून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सर, मी नांदेडला बी.एस्सी.ला आहे. होस्टेलवर आम्ही काही जण फुटबॉलवेडे आहोत. अर्जेंटिनाच्या अँहेल डी मारियावरून आमचं नेहमी वाजतं. मित्र म्हणतात, मँचेस्टर युनायटेडनं त्याच्यावर एवढा पैसा ओतला आणि वर्षात काढून टाकला, म्हणजे तो फ्लॉप. बाकी मेस्सी होता म्हणून त्याचं नाव झालं. मला हे पटत नाही, पण नीट मांडता येत नाही. (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : बाळा, तुला पटत नाही ते बरोबरच आहे. आता मांडायचं कसं, ते बघू.

ऑगस्ट 2014 मध्ये युनायटेडनं स्पेनच्या रेआल माद्रिदला त्याच्यासाठी 5 कोटी 97 लाख पौंड मोजले. तोवर कुठल्याही ब्रिटिश क्लबनं एका खेळाडूसाठी एवढी रक्कम दिली नव्हती. त्या हंगामात लीगचे 27 सामने, गोल फक्त 3. प्रशिक्षक त्याची जागा सारखी बदलत राहिले. 2015 च्या सुरुवातीला तो बायको आणि लहान मुलीसह घरात असताना चोर शिरायला आले. परक्या देशात, नवी भाषा, पाळण्यातलं लेकरू, आणि घरात असं घडलं. त्यानंतर त्याचं मन तिथं रमलं नाही, यात मला नवल वाटत नाही. तुझे मित्र या एका वर्षावर सगळं आयुष्य तोलतात, आणि माझा राग त्यालाच आहे.

युनायटेडकडे जाण्याच्या तीनच महिने आधी काय झालं होतं? मे 2014, लिस्बन, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल, रेआलसमोर माद्रिदचाच दुसरा क्लब अॅटलेटिको. जादा वेळेत सगळ्यांचे पाय जड झालेले असताना हा डाव्या बाजूनं चेंडू घेऊन बचाव चिरत आत शिरला. त्याचा फटका गोलकीपरला लागून उडाला आणि रेआलच्याच बेलनं डोक्यानं गोल केला. सामनावीर डी मारिया. युनायटेड सोडल्यावर तो पॅरिसच्या क्लबकडे गेला, सात हंगाम राहिला, पाच वेळा फ्रान्सची लीग जिंकला. पहिल्याच हंगामात लीगमध्ये त्याचे 18 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला गोल करून देणारे पास, होते. आता याला फ्लॉप म्हणायचं?

मेस्सीच्या सावलीचं म्हणशील तर मित्रांपुढे फक्त फायनली मांड. 2008 ची बीजिंग ऑलिंपिक फायनल, नायजेरियाविरुद्ध 1-0, गोल डी मारियाचा. 2021 ची कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा, रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलविरुद्ध 1-0, गोल डी मारियाचा. साथीदार डी पॉलच्या लांब पासवर त्यानं चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून हलकेच उचलला. आपल्याकडे तेव्हा पहाट होती, पेरणी उरकून मंडळी पावसाची वाट बघत होती. 2022 मध्ये लंडनच्या वेम्बलीवर, दक्षिण अमेरिका आणि युरोपच्या विजेत्यांमधल्या लढतीत इटलीविरुद्ध पुन्हा त्याचा गोल. आणि त्याच वर्षी 18 डिसेंबरला फ्रान्सविरुद्धच्या विश्वचषक फायनलमध्ये पहिली पेनल्टी त्यानंच मिळवून दिली आणि दुसरा गोल त्यानंच केला. 64 व्या मिनिटाला त्याला बाहेर बसवलं तेव्हा अर्जेंटिना 2-0 नं पुढे होता. पुढे फ्रान्सनं बरोबरी साधली आणि सामना पेनल्ट्यांवर गेला. तो मैदानात असताना आणि नसताना काय फरक पडतो, हे त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं.

2014 च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध त्याची मांडी दुखावली आणि फायनल हुकली. अर्जेंटिना जर्मनीकडून 0-1 हरला. 2015 ची कोपा फायनल तर अर्ध्या तासाच्या आतच दुखापतीनं सुटली. त्या वर्षांत त्याच्याच देशातल्या लोकांनी त्याला नको नको ते ऐकवलं. तरी गडी दर वेळी परत आला. 2024 ची कोपा जिंकूनच त्यानं राष्ट्रीय संघ सोडला आणि 2025 मध्ये तो आपल्या गावच्या रोसारिओ सेंट्रलकडे परतला. तू मेस्सीचं नाव खाली आणायला जाऊ नकोस, वाद तिथंच बिघडतो. नुसत्या तारखा वाच.

प्रश्न : नमस्कार सर. माझा मुलगा 13 वर्षांचा आहे, शाळेच्या मैदानावर फुटबॉल चांगला खेळतो. एका गृहस्थांनी त्याचा खेळ बघितला. म्हणाले, पोर्तुगालमधल्या अकादमीत ट्रायल लावून देतो, डी मारियाही पोर्तुगालमधूनच मोठा झाला. साडेचार लाख मागतायत. मुलाचे वडील सोयाबीनच्या पैशातून आणि थोडं उसनं घेऊन द्यायला तयार झालेत. द्यावे का? (एक आई, सेलू)

उत्तर : ताई, एक रुपयाही देऊ नका. उसनं तर मुळीच काढू नका.

कारण सांगतो. हे तुमच्या मालकांनाही वाचून दाखवा.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाचा, फिफाचा, स्पष्ट नियम आहे : 18 वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे बदली करता येत नाही. अपवाद मोजके आहेत. फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं आईवडीलच त्या देशात राहायला गेले असतील तर चालतं. युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात 16 नंतर चालतं. सेलूच्या 13 वर्षांच्या पोराला यातलं काहीच लागू होत नाही. ‘मेस्सी तर 13 व्या वर्षी बार्सिलोनाला गेला’ असं ते गृहस्थ म्हणतील. ते 2000 साली होतं, आणि 2001 पासून हे नियम कडक झाले. पुढे याच नियमाच्या भंगासाठी 2014 मध्ये खुद्द बार्सिलोनावर खेळाडू घेण्याची बंदी आली, 2016 मध्ये माद्रिदच्या दोन्ही क्लबांवर आली. एवढे मोठे क्लब सुटले नाहीत, तर हे गृहस्थ तुमच्या मुलाला कुठं आणि कसं खेळवणार?

डी मारिया पोर्तुगालला, बेनफिकाकडे, 2007 मध्ये गेला. तेव्हा तो 19 वर्षांचा होता. त्याआधी डिसेंबर 2005 मध्ये रोसारिओ सेंट्रलकडून अर्जेंटिनाच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये उतरला होता, आणि वीस वर्षांखालचा विश्वचषकही जिंकून आला होता.

त्याआधीचं आयुष्य तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण तुमच्यासारखंच एक घर त्यात आहे. बाप कोळशाचा धंदा करायचा. शाळेला जाण्याआधी पोरं कोळशाची पोती भरू लागायची. पोरगं फार चळवळ करतं म्हणून डॉक्टरांनी कुठल्यातरी खेळाला लावा असं सांगितलं. आधी गल्लीतला छोटा क्लब, मग सेंट्रल. सेंट्रलनं त्या गल्लीतल्या क्लबला मोबदला काय दिला? पैसे नाहीत, फुटबॉल दिले. सरावाला रोज सायकलवरून घेऊन जायची ती आई, धाकट्या बहिणीलाही बरोबर घेऊन, पावसात आणि थंडीतसुद्धा. 16 वर्षांचा झाला तरी मुख्य संघात जागा नव्हती. बापानं विचारलं, माझ्याबरोबर कामाला येतोस, शाळा पुरी करतोस की अजून एक वर्ष फुटबॉल बघतोस? आईनं एक वर्ष मागून घेतलं. त्या वर्षाच्या शेवटी तो सेंट्रलकडून उतरला.

आता पैसा कुठून कुठं जातो ते बघा. फिफाच्या नियमानं, करार चालू असलेला खेळाडू एका क्लबकडून दुसऱ्याकडे गेला आणि देश बदलला, की त्या रकमेतले पाच टक्के तो 12 ते 23 वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांच्यात वाटायचे. 12 ते 15 या वयासाठी वर्षाला पाव टक्का, पुढच्या वर्षांसाठी अर्धा. युनायटेडच्या त्या 5 कोटी 97 लाख पौंडांवर हा हिशेब धरला तर सेंट्रलच्या वाट्याला साधारण 15 ते 18 लाख पौंड येतात. म्हणजे खऱ्या फुटबॉलमध्ये पैसा वरून खाली, पोराला घडवणाऱ्याकडे येतो. पोराच्या घरातून वर जाणारा पैसा दिसला की ओळखायचं, हा धंदा फुटबॉलचा नाही. खऱ्या एजंटाला फिफाचा परवाना लागतो. तो क्रमांक त्यांना मागा आणि काय उत्तर मिळतं ते ऐका.

मग करायचं काय? शाळेला सुब्रतो कपसाठी, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेसाठी, संघ नोंदवायला लावा. तालुका, जिल्हा, विभाग अशी ती पायरी आहे, आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात सगळी माहिती मिळते. जन्मदाखल्यावरची तारीख खरीच ठेवा. वय कमी दाखवा असं कुणी सांगितलं तर त्याला दारात उभं करू नका. मुलगा ज्या क्लबकडून खेळेल त्याची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे नोंद आहे का, ते विचारा. या नोंदीतूनच उद्या कोण कुठं घडलं हे कळतं.

आपल्याकडची अडचण मला माहीत आहे. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमींचे संघ आहेत, सामन्याला गर्दी लोटते. तिथला अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत असं वातावरण नाही. पावसाळ्यात काळ्या रानाचं मैदान बुटाला धरतं, मेमध्ये दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. साडेचार लाखांचा विचार तुमच्या घरात झालाच आहे, तर त्यातले पाच-सहा हजार वेगळे काढा. चांगले बूट, दोन चेंडू, रोज एक अंडं किंवा मूठभर शेंगदाणे. बाकी सोयाबीनचे पैसे घरात राहू द्या. सकाळी सहाला मैदान गाठू द्या. विभागापर्यंत पोचला तर मला कळवा, मी स्वतः येऊन त्याचा खेळ बघीन.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. मुलींच्या संघात विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेनं, खेळते. खूप बारीक आहे म्हणून धक्का लागला की पडते. बाई म्हणतात, तू बॅडमिंटन घे. फुटबॉल सोडू का? (एक विद्यार्थिनी, उदगीर)

उत्तर : सोडू नकोस. डी मारियाही आयुष्यभर काटकुळाच राहिला. त्याचे सामने बघताना चेंडूकडे बघू नकोस, चेंडू यायच्या आधी तो काय करतो ते बघ. अंगावर कोणी यायच्या आत त्याची मान वळलेली असते आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू मोकळ्या जागेत गेलेला असतो. धक्का द्यायला माणूसच जवळ पोचत नाही. रोज भिंतीवर चेंडू मारून परत आलेला चेंडू एका स्पर्शात बाजूला काढायचा सराव कर, दोन्ही पायांनी. मागून मैत्रिणीला ‘डावी’ किंवा ‘उजवी’ असं ओरडायला सांग. पोट आणि पाठ घट्ट करायला प्लँक आणि बैठका घाल. जेवताना भाकरी, डाळ पोटभर खा, आणि शाळेत रक्त तपासायला येतात तेव्हा हिमोग्लोबिन किती आलं ते विचार, कारण या वयाच्या मुलींना लोह कमी पडून दम लागतो आणि दोष मात्र बारीक अंगाला दिला जातो. बाईंना माझा नमस्कार सांग. एक हंगाम विंगलाच ठेवा, अशी माझी त्यांना विनंती आहे.