फ्रेंच संगीतकार दब्यूसीची 'ला मेर' (म्हणजे 'समुद्र') ही वाद्यवृंदरचना ऐकून लोकांना खरंच समुद्र जाणवतो का?

सगळ्यांना नाही, आणि ही तक्रार पहिल्या दिवसापासूनची आहे. 15 ऑक्टोबर 1905 ला पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा वादनही यथातथाच होतं म्हणतात. समीक्षक पिएर लालोने तर लिहून टाकलं की मला यात समुद्र ऐकू येत नाही, दिसत नाही, जाणवतही नाही. (दब्यूसीला हे चांगलंच झोंबलं.) 1908 मध्ये दब्यूसीने स्वतः वाद्यवृंदाचं संचालन केलं, तेव्हा मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला, अर्थात थोडी हुर्योही होतीच.

पहिल्या भागाचं नाव 'समुद्रावर पहाटेपासून दुपारपर्यंत'. त्यावर संगीतकार एरिक साती म्हणाला म्हणे, "पावणेअकराच्या सुमाराचा तुकडा मला विशेष आवडला!"

माझं मत विचाराल तर लालोची अपेक्षाच चुकली. तो चित्र शोधत होता. इथे आहे ती हालचाल. गुणगुणता येईल अशी लांब धून नाही, म्हणून पहिल्यांदा ऐकणारा गोंधळतो. तिसऱ्या भागापासून सुरुवात करा, वारा आणि समुद्राचा संवाद. खालच्या सुरांतली चेलो-बास या मोठ्या तंतुवाद्यांची गुरगुर आणि ढोलांची घरघर हेडफोन लावूनच ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर ती हरवते.