बक्कल आधी उलटं करा

आजोबांच्या ट्रंकेत पितळी बक्कल सापडलं. वर मुकुट आणि इंग्रजीत 'फिफ्थ महरट्टा लाइट इन्फन्ट्री'. किती जुनं असेल? (नौपाडा, ठाणे)

अर्धं उत्तर नावातच आहे. १९२२च्या फेररचनेत १०३, १०५, ११० अशा क्रमांकांच्या जुन्या मराठा पलटणी एकत्र आल्या आणि 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' हे नाव पडलं. म्हणजे बक्कल त्याआधीचं नाही. उरलेलं अर्धं मुकुट सांगेल. १९०१ नंतर, सहाव्या जॉर्जच्या कारकिर्दीपर्यंत, ट्यूडर मुकुट चालला. त्याच्या कमानी गोलसर फुगलेल्या असतात. एलिझाबेथ राणीचा १९५३ नंतरचा मुकुट मधोमध खाली दबलेला. आपल्या सैन्याच्या चिन्हांवरून तर मुकुट १९५०मध्येच गेला आणि अशोकाचे सिंह आले. तेव्हा या नावावर दबका मुकुट असेल, तर ते बक्कल कुणा सैनिकाच्या कमरेला कधी लागलेलंच नाही. मात्र हा नियम व्हिक्टोरियाच्या काळातल्या वस्तूंना लावू नका, तेव्हाही दबके मुकुट होते.

'ईस्ट इंडिया कंपनी' असं लिहिलेलं, मोठ्या अक्षरात साल कोरलेलं जाड बक्कल एक विक्रेता देतोय. 'कंपनीच्या काळातलं, गॅरंटी' म्हणतो. घ्यावं का? (कोपरी, ठाणे)

शोभेसाठी घ्यायचं असेल तर शोभेच्या किमतीत घ्या. समोरच्या बाजूवर ठसठशीत साल दिसलं की मी तरी आधी हात मागे घेतो.

बक्कल उलटं करा आणि दहापट भिंग लावा. ठशाखाली दाबून काढलेल्या मालावर अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि अक्षरांमधली जमीन गुळगुळीत. वाळूच्या साच्यात ओतलेल्या मालावर बारीक रवाळपणा, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आणि गोलावलेली अक्षरं दिसतात. जुना मालही कधीकधी ओतीव असायचा, पण मग तो कानशीने साफ केलेला असतो आणि त्या खुणांवरही वापराची झीज चढलेली असते.

नंतर हूक पाहा. पट्टा रोज लावला-काढला की हुकाची आतली बाजू एकाच ठिकाणी घासते. समोरून सगळीकडे सारखं झिजलेलं आणि मागे हूक कोरा करकरीत, अशी जोडी संशयास्पद. मागे अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू असेल तर प्रश्नच मिटला. तो १९३०च्या दशकातला शोध आहे.

खात्रीचा नमुना हाताशी असेल तर कॅलिपर लावा. पितळ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं. अस्सल बक्कलावरून साचा काढून ओतलेली नक्कल ६० मिलिमीटरच्या जागी ५९ भरते.

चोरबाजारातून 'गॉट मिट उन्स' (देव आमच्यासोबत) लिहिलेलं जर्मन बक्कल आणलं. त्याला चुंबक चिकटतं, म्हणजे नकली ना? (वाशी)

एवढ्यावरून नाही. पहिल्या महायुद्धात धातूची टंचाई झाली आणि १९१५पासून पोलादी बक्कलं निघू लागली. प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत मोठ्या जर्मन राज्याच्या, बक्कलावर मधे मुकुट असतो. स्वस्तिकाचं गरुडचिन्ह हिटलरच्या काळातलं, आणि नकलांचा महापूर त्याच मालाचा आहे. पत्र्यातून दाबलेल्या अस्सल पोलादी बक्कलाच्या पाठीवर समोरच्या नक्षीचा उलटा खोलगटा दिसतो. पाठ सपाट आणि भरीव असेल तर परत द्या, घेतलं परत तर! काहींना चामड्याची जीभ असते, तिच्यावर कारखान्याचं नाव आणि साल दाबलेलं. ते चामडं तुमच्या नव्या चपलेइतकं लवचीक असायला नको.

चिंचेने घासू का? (ऐरोली)

नको. ब्रासोही नको. जुन्या पॉलिशचा पांढरट थर खाचांत साचलेला असतो, तोही पुरावाच आहे. कोरड्या सुती फडक्याने धूळ पुसा, पुरे.

मुलगा अमेरिकेत असतो. पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं बक्कल त्याच्याकडे पाठवता येईल? (बेलापूर)

घाई करू नका. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि १९१४-१८चा माल आता त्या मर्यादेपलीकडे गेला आहे. वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग देतो. तो हातात आल्याशिवाय बक्कल सामानात भरू नका. ब्रिटिश सैन्याचा १९३७च्या नमुन्याचा कापडी पट्टा असता तर वयाची अडचण नव्हती, पण विमानतळावर वाद नको म्हणून त्यावर छापलेल्या सालाचा फोटो मुलाच्या फोनमध्ये असू द्या.