तालमीतले प्रवेश पॉडकास्टमध्ये टाकण्याआधी अनुवादाचे हक्क तपासा

तुमचा प्रश्न मायक्रोफोन कोणता घ्यावा एवढाच आहे. पण त्यात तुम्ही जाता जाता लिहिलंय की मूळ नाटककार जाऊन शंभर वर्षं उलटली, त्यामुळे हक्कांची काळजी नाही, विनोदी रूपांतराच्या तालमीतले प्रवेश थेट पॉडकास्टमध्ये घेणार आहोत. ते वाचलं आणि पोटात गोळा आला. अगदी हेच मी आमच्या गटाच्या पहिल्या बैठकीत ठामपणे सांगितलं होतं. मायक्रोफोनबद्दल सांगणारे बरेच भेटतील, मी फक्त याबद्दल लिहिते.

आम्ही रशियन नाटककार चेखवच्या 'द चेरी ऑर्चर्ड'चं विनोदी रूपांतर करत होतो आणि ते कसं घडतंय याचा दर आठवड्याला एक भाग काढत होतो. चेखव १९०४ साली गेला, त्याचे हक्क केव्हाच संपले. पण आमच्यात रशियन कोणालाच येत नव्हतं. ज्या इंग्रजी अनुवादावरून आम्ही संहिता बेतली तो अलीकडचा होता, अनुवादक हयात. अनुवाद ही कायद्याच्या लेखी स्वतंत्र कलाकृती असते. तिच्यावरून तुम्ही आणखी तिसऱ्या भाषेत लिहिलंत, गमती घातल्यात, पात्रं गाळलीत, तरी अनुवादकाची परवानगी लागतेच. हे कोणीतरी वेळेवर सांगितलं म्हणून आम्ही प्रयोगाची परवानगी रीतसर मागितली, मानधन भरलं, पत्र आलं. आम्ही निर्धास्त झालो. ती परवानगी फक्त प्रेक्षकांसमोरच्या प्रयोगाची होती. ध्वनिमुद्रण आणि प्रसारण त्यात धरलेलं नाही, असं दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. ते पान मी वाचलं नव्हतं. सगळ्यात महागात पडलेली चूक ती, आणि ती माझी.

लक्षात आलं तोवर नऊ भाग बाहेर गेले होते, त्यातल्या सातांमध्ये तालमीतले प्रवेश. मी आपणहून प्रयोगाची परवानगी देणाऱ्या कार्यालयाला कळवलं आणि पॉडकास्टसाठी काय करावं लागेल ते विचारलं. त्यांनी रेडिओचा अर्ज पाठवला. केंद्राचं नाव, प्रसारणाचं क्षेत्र, प्रसारण किती वेळा. पॉडकास्ट कोणीही, कुठेही, कितीही वेळा ऐकतं, तिथे या रकान्यांत काय लिहायचं? सोबत पत्र जोडून सगळं समजावलं. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. पुन्हा भरला, पुन्हा परत. दर फोनला नवीन माणूस आणि आपण पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची. पाच महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: या अनुवादाचे ध्वनिमुद्रणाचे हक्क आमच्याकडे नाहीत, अनुवादकाच्या एजंटशी संपर्क साधावा. हे पहिल्या दिवशी सांगता आलं असतं! मला या गोष्टीचा अजूनही राग येतो. चूक आमची होती, पण ती कबूल करून दुरुस्त करायला आलेल्या माणसाला पाच महिने रकाने भरायला लावणं हा निव्वळ छळ आहे.

एजंटने सांगितलेली रक्कम आमच्या आवाक्याबाहेर होती. सातही भाग उतरवले. त्यातला एक माझा फार लाडका होता. पहिल्या अंकात गायेव, म्हणजे बागेच्या मालकिणीचा भाऊ, शंभर वर्षं जुन्या पुस्तकांच्या कपाटापुढे गहिवरून भाषण करतो. आमचा नट तीन आठवडे ते हसवण्यासाठी म्हणत होता आणि कोणी हसत नव्हतं. एका संध्याकाळी त्याने ते मनापासून, डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, आणि तालमीला बसलेले सगळे लोटपोट झाले. तो क्षण आमच्याकडे ध्वनिमुद्रित होता. आता तो कोणाला ऐकवता येत नाही.

मी वकील नाही, तुमच्या नाटकाचे तपशीलही मला माहीत नाहीत, त्यामुळे हे अनुभवाचे बोल म्हणूनच घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, युरोपातल्या बहुतेक देशांत ७०. पॉडकास्ट सगळीकडे ऐकला जातो, म्हणून मोठाच आकडा धरा. आम्ही शेवटी कॉन्स्टन्स गार्नेटचा जुना अनुवाद समोर ठेवून संहिता नव्याने लिहिली. त्या १९४६ साली गेल्या, त्यामुळे दोन्ही हिशेबांनी मोकळीक. भाषा जुनी वाटते, पण विनोदी रूपांतर करणाऱ्याला वाक्यं उसनी घ्यायचीच नसतात, प्रसंगांचा सांगाडा हवा असतो. देवलांच्या 'संशयकल्लोळ'चा सांगाडा फ्रेंच नाटककार मोलिएरपासून आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्फत आलाय, तरी त्यातली बोली देवलांचीच. मला तर वाटतं, नवा चटपटीत अनुवाद हाताशी असला की रूपांतरकार आळशी होतो. आमची दुसरी संहिता पहिलीपेक्षा सरस झाली.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. तुम्ही विनोदी जागा 'घालणार' असं लिहिलंय. कृपा करून घालू नका, शोधा. 'चेरी ऑर्चर्ड'च्या तिसऱ्या अंकात मालकिणीची मानलेली मुलगी वार्या चिडून काठी उगारते कारकून एपिखोदोववर आणि ती बसते नेमक्या त्याच क्षणी आत येणाऱ्या व्यापारी लोपाखिनला, जो नुकताच तिच्या घराची बाग विकत घेऊन आलाय. नाटकातला सर्वांत गंभीर क्षण आणि काठीचा फटका, दोन्ही एकत्र. चेखव याला कॉमेडीच म्हणत होता आणि पहिल्या प्रयोगाचा दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्कीने ते शोकनाट्य केलं म्हणून नाराज होता. चौथा अंक फार तर बारा मिनिटांचा, तो चाळीस मिनिटं चालतो, अशी त्याची तक्रार होती. आम्ही घड्याळ लावून तो अंक पळवला तेव्हा पहिल्यांदा लोक हसले आणि शेवटी गप्पही झाले.

प्रवेश न ऐकवताही पॉडकास्ट रंगतो. आमचा सर्वांत जास्त ऐकला गेलेला भाग तार तुटल्याच्या आवाजावर आहे. दुसऱ्या अंकात आणि अगदी शेवटी आकाशातून आल्यासारखा तो आवाज यावा, अशी सूचना आहे. आम्ही तंबोऱ्याची तार, सायकलची ब्रेकची तार, करवतीचं पातं, सगळं वाजवून पाहिलं आणि ते सगळं ऐकवलं. त्यात कोणाच्या अनुवादातला एक शब्दही नाही.

रेकॉर्डिंग आत्तापासून करत राहा, फक्त बाहेर काढू नका. आणि परवानगी मागताना पहिल्याच पत्रात विचारा: ध्वनिमुद्रण करून इंटरनेटवर कायम ठेवण्याचे हक्क तुमच्याकडे आहेत का, नसल्यास कोणाकडे? लेखी उत्तर येईपर्यंत अर्ज भरायला बसू नका. तुम्ही कोणत्या अनुवादावरून काम करताय ते मात्र लिहिलेलं नाही. अनुवादकाचं नाव आणि प्रकाशनाचं साल कळवलंत तर पुढे कुणाला लिहायचं ते बघू.