पोस्टरमधला चौथा माणूस

प्रश्न : माझा अकरावीतला मुलगा बास गिटार शिकतोय. त्याच्या खोलीत 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचं पोस्टर आहे. गायक फ्रेडी मर्क्युरी सोडला तर मला कुणीच ओळखू येत नाही. बाकीचे तिघे कोण? – एक आई, परळ

उत्तर : ताई, फ्रेडी आपल्या पाचगणीत शिकलेला, तो ओळखीचा वाटणारच. कुरळ्या केसांचा उंच गिटारवाला ब्रायन मे. पुढे २००७ मध्ये त्याने खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळवली. ड्रमवर रॉजर टेलर.

आणि कडेला शांत उभा आहे तो जॉन डीकन, तुमच्या मुलासारखाच बासवाला. वयाने सगळ्यांत लहान, १९७१ मध्ये आला. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. लंडनमध्ये कचऱ्यात टाकलेलं एक सर्किट त्याला सापडलं. ते त्याने जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं, बॅटरी जोडली आणि अ‍ॅम्प्लिफायर तयार! मेने तो रेकॉर्डिंगमध्ये कितीदा तरी वापरला. ऐकताना व्हायोलिनचा ताफाच वाजतोय असं वाटतं. मी विशीत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून असा खटाटोप केला होता. डाळभाताच्या ताटाशेजारी सोल्डरिंगचा धूर! म्हणून डीकन मला फार जवळचा.

'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे गाणं त्याचंच. सुरुवातीची बासची धून मुलाकडून वाजवून घ्याच.

१९९१ मध्ये फ्रेडी गेला. डीकनचं मन मग त्यात रमलं नाही, १९९७ नंतर तो बाजूला झाला. मे आणि टेलर पुढेही 'क्वीन'च्या नावाने वाजवत राहिले.